सरांचा उंचवटा

राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. ओळखीचे म्हणतात, डिग्री मिळाली, कॉलेजात कायमची नोकरी लागली, आता कशाला उगाळत बसायचं? मी म्हणते, ज्यांनी केलं त्यांच्या गळ्यात हार पडले आणि मी मात्र विसरून जायचं, हा कुठला न्याय?

आम्ही मूळचे बोरगावचे, बौद्ध. आजा-आजीचा जन्म दुसऱ्याच्या शेतात राबण्यात गेला. आई शिकली, नर्स झाली, निपाणीच्या सरकारी दवाखान्यात लागली. वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळं घरात आम्ही दोघीच. एम.एस्सी.ला बेळगावात आले आणि खासबागेत एका विणकराच्या घरावरची खोली घेतली. खाली यंत्रमाग. सकाळपासून खटखट चालायची. पहिले काही दिवस डोकं उठलं, मग त्या आवाजाशिवाय गणित सुचेनासं झालं. पुढं पीएच.डी.ला नाव घातलं तेही तिथं राहूनच.

माझे गाईड म्हणजे आमच्या विभागातलं मोठं नाव. उंच, गोरे, आवाज खर्जातला. त्यांचा विषय धुळीच्या कणावरून प्रकाश कसा विखुरतो हा. ऐकायला अवघड वाटतं, पण गोष्ट साधी आहे. बंद खोलीत कवडसा येतो तेव्हा त्यात धूळ तरंगताना दिसते. प्रत्येक कण पडलेला थोडा उजेड गिळतो आणि उरलेला इकडंतिकडं फेकतो. कुठल्या दिशेला किती फेकतो हे गणितानं काढता आलं, तर उलटंही करता येतं: फेकलेला उजेड मोजायचा आणि हवेत धूळ किती आहे ते सांगायचं.

सरांना त्याच कामाचा एक प्रकल्प मिळालेला होता, आणि तो नेमका निपाणीत. तंबाखूच्या एका वखारीत धूळ मोजणारी एक पेटी बसवलेली. पेटीत दिवा, आणि एका ठराविक कोनात उजेड टिपणारा डोळा. त्या डोळ्याला अमुक उजेड दिसला म्हणजे हवेत तमुक धूळ, असा तक्ता सरांच्या गणितातून तयार व्हायचा होता. मी निपाणीची म्हणूनच सरांनी मला घेतलं असं ते सगळ्यांना सांगायचे. मलाही बरं वाटायचं. निपाणीत वखारीच्या गल्लीतून चालत गेलं की तो उग्र वास घशात बसतो. आणि नाकातोंडाला पदर बांधून त्या चुऱ्यात दिवस काढणाऱ्या बाया पुढं आईच्या वॉर्डात येतात, दम लागून, बसल्याशिवाय झोपता येत नाही अशा. आई घरी त्यांच्याबद्दल फारसं बोलायची नाही. बोलली की जेवण सोडायची.

सरांची खरी प्रसिद्धी एका उंचवट्यावर होती. काळपट, उजेड गिळणाऱ्या कणांचा आलेख काढला की एका कोनाजवळ रेघ जरा वर उचललेली दिसायची. दुसऱ्या कुणाच्या आलेखात ती तशी दिसत नव्हती. सरांनी तिचं कारण दिलं होतं: कणावर ओलाव्याचा पातळ पापुद्रा असतो आणि उजेड त्यातून वळून येतो. त्यावर त्यांचे लेख होते, भाषणं होती. प्रयोगातले ठिपके त्या जागी इतके विस्कटलेले असत की उंचवटा आहे म्हणा की नाही म्हणा, दोन्ही खपून जायचं. विभागात सगळे त्याला ‘सरांचा उंचवटा’च म्हणत.

आणि ज्या प्रोग्रॅममधून तो यायचा, तो सरांनी तरुणपणी फोरट्रान या जुन्या संगणकभाषेत लिहिलेला. एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडं जायचा. त्यात हात घालायचा नाही, हे कुणी सांगायचं नाही आणि सगळ्यांना ठाऊक असायचं.

मला सरांनी काम दिलं होतं ते जास्त काळ्या कणांचं. तंबाखूचा जुना चुरा, धुराची काजळी, असले. मी कणाचा काळेपणा वाढवत नेला आणि एका दुपारी पडद्यावर जो आकडा आला तो बघून मला हसूच आलं. कणावर जेवढा उजेड पडत होता त्याहून जास्त तो बाहेर टाकत होता. म्हणजे काजळीचा कण दिव्यासारखा पेटलेला. मी स्वतःचीच चूक समजून सगळं पुन्हा तपासलं. चूक माझी नव्हती.

ती कुठं होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढचा राग कळायचा नाही. या गणितात काही विशेष फलनं, म्हणजे फंक्शन्स, लागतात. एका जुन्या जर्मन खगोलशास्त्रज्ञाच्या नावानं ती ओळखली जातात. ती एकेकटी येत नाहीत, त्यांची शिडीच असते. खालच्या दोन पायऱ्यांच्या किमती माहीत असल्या की त्यांवरून तिसरी निघते, दुसरी-तिसरीवरून चौथी, असं वर जात राहायचं. कागदावर हे अगदी बिनचूक आहे. पण यंत्र कुठलाही आकडा काही जागांपर्यंतच धरतं, शेवटचा तुकडा कापून टाकतं. कण काचेसारखा स्वच्छ असेल तर बऱ्याच पायऱ्या निभावतं. कण काळा असला की तो कापलेला तुकडा प्रत्येक पायरीला फुगतो, आणि थोडं वर गेल्यावर खरी किंमत नाहीशी होऊन नुसती चूकच हातात राहते. उपायही जुनाच आहे. लांब वरून सुरुवात करायची, तिथं शून्य धरलं तरी चालतं, आणि खाली उतरत यायचं. उतरताना चूक फुगत नाही, विरत जाते. खाली येईपर्यंत आकडा आपोआप खरा झालेला असतो.

हे मी शोधून काढलेलं नाही. कित्येक वर्षांपासून पुस्तकांत आहे. आम्हाला एम.एस्सी.ला एक मॅडम संख्यात्मक पद्धती शिकवायच्या, त्यांनीच ते फळ्यावर करून दाखवलं होतं. सरांचा प्रोग्रॅम मात्र खालून वर चढत होता.

मी तेवढाच भाग बदलला. वरून खाली उतरले. काजळीचा दिवा विझला, गिळलेला आणि फेकलेला उजेड मिळून हिशेब बरोबर जुळला. मग मी सरांचे जुने, छापून आलेले कण घेतले आणि तेही नव्या रीतीनं काढले. उंचवटा गेला. रेघ सरळ, गुळगुळीत उतरत गेली. तिथं कधी काही नव्हतंच.

मी खोलीवर गेले आणि भिंतीला टेकून बसून राहिले. आनंद झाला असं म्हणता येत नाही. कारण पेटीचा डोळा नेमका त्याच कोनात बसवलेला होता. उंचवटा खरा धरून केलेला तक्ता सांगणार, की एवढा उजेड तर थोड्या धुळीतूनही येतो. म्हणजे वखारीत असेल त्यापेक्षा धूळ कमी दिसणार. म्हणजे पेटी म्हणणार, हवा ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी दोन्ही आलेख घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये गेले. मला वाटलं होतं, आधी चिडतील, मग बघतील. शास्त्रज्ञ माणूस आहे, आकडे बघितल्यावर दुसरं काय करणार? माझ्या त्या समजुतीचाही मला आज राग येतो.

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले की मी प्रोग्रॅम बिघडवलाय. मी बदललेला भाग दाखवला. पुस्तकातलं पान दाखवलं. काळा कण पडला त्याहून जास्त उजेड कसा देईल, असं विचारलं. ते म्हणाले, टोकाच्या कणांचं सोडून दे, उंचवटा परत आला पाहिजे, प्रकल्पाचा तक्ता द्यायचा आहे. मी म्हटलं, "सर, तो परत येणार नाही. तो नाहीच."

तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही. उलट उतरवला. "हे बघ," ते म्हणाले, "जागा मिळते तशी अक्कल मिळत नसते. तुमच्यातली मुलं आता पुढं येतायत, चांगली गोष्ट आहे. पण आधी शिकायचं असतं. मग शिकवायचं."

मी आलेख उचलले आणि बाहेर आले. उत्तर सुचलं नाही असं नाही. बरीच सुचली होती. पण त्यातलं एकही दिलं असतं तर पुढं सगळीकडं तेवढंच सांगितलं गेलं असतं, की पोरगी उर्मट होती. आकड्यांचं कुणी नाव काढलं नसतं.

त्यानंतर माझ्या प्रगतीच्या अहवालावर सही मिळेना. सर नेहमी मीटिंगला, सर नेहमी गावाला. ऑफिसातला माणूस मान वर न करता "नाळे बन्नी" म्हणायचा, उद्या या, आणि उद्या गेलं की पुन्हा तेच. सर कधी ओरडले नाहीत, कधी नाकारलं नाही. नुसतं थांबवून ठेवलं. माझ्याबरोबरची मुलं पुढं गेली, कुणाकुणाचे प्रबंध बांधून झाले. मी खासबागेतून रोज जायची आणि रोज परत यायची.

सुट्टीत निपाणीला गेल्यावर आईला सांगितलं तेव्हा वाटलं होतं ती पेटून उठेल. ती शांतपणे भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "त्यास्नी पायजे तसं काढून दे. डिग्री हातात घे. मग काय भांडायचं ते भांड." मी विचारलं, तुझ्या वॉर्डातल्या बायांचं काय? तिनं भाकरी उलटवली. त्या सुट्टीत आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोललो.

शेवटी विभागात माझं सादरीकरण ठेवलं गेलं. प्रबंधाआधी ते करावंच लागतं, त्यामुळं सरांना टाळता येईना. बेंचांवर सगळे प्राध्यापक, मागं विद्यार्थी. मी दोन्ही आलेख शेजारी-शेजारी दाखवले. चढणारी शिडी आणि उतरणारी शिडी. काळ्या कणाचा उजेड. कुणाचंही नाव घेतलं नाही. संपल्यावर सर उठले आणि म्हणाले की विद्यार्थिनीनं गणनेच्या बारीकसारीक गोष्टींत अडकून भौतिकशास्त्र हरवलंय, तिनं गाईडबरोबर बसून काम पुन्हा करावं. मी खोलीभर बघितलं. पदार्थविज्ञान शिकवण्यात केस पिकलेली ती माणसं. उजेडाचा हिशेब जुळतो की नाही एवढं तर त्यातल्या प्रत्येकाला कळत होतं. कुणी कागद सारखे करत होतं, कुणी चहाकडं बघत होतं. संख्यात्मक पद्धती शिकवणाऱ्या मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

‘काम पुन्हा करावे’ असा शेरा पडला.

मी सामान आवरत असताना मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. म्हणाल्या, "तुझं बरोबर हाय."

मी म्हटलं, हे तुम्ही आत सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं. त्या खुर्चीत बसल्या. टेबलावरचा पेपरवेट फिरवू लागल्या.

"मला माहीत होतं गं," त्या म्हणाल्या. "मी सरांची पयली विद्यार्थिनी. माझ्या वेळीच कळलेलं."

मला आधी अर्थच लागेना. मग लागला. इतकी वर्षं ही बाई वर्गात उभी राहून चढणारी शिडी कशी कोसळते ते पोरांना शिकवत होती, आणि चार खोल्या पलीकडं ती शिडी रोज चढली जात होती हे तिला ठाऊक होतं. सरांचा मला राग होता, पण तो समजण्यासारखा होता; स्वतःचं नाव वाचवणारा माणूस. या बाईचा जो राग आला तो मला आवरेना. मी त्यांच्यासमोर रडले आणि रडल्याचा आणखी राग आला.

त्यांनी आपलं सांगितलं. त्या जांबोटीकडच्या, रानातल्या गावच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. बस चुकली की पावसात झाडीतून चालत शाळा गाठायची. घरात त्यांचं लग्न ठरवून सगळे वाट बघत बसलेले; डिग्री अडली असती तर सरळ परत गावाला, गोठ्यात. सरांना एकदा हळूच विचारून बघितलं होतं, त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग यांनी गप्प बसून उंचवटा काढून दिला आणि सुटल्या. "तुला वाटत असंल मी भित्री," त्या म्हणाल्या. "व्हय, हाय मी. पण त्यावेळी माझ्या मागं कोण होतं?"

मी म्हटलं, "मॅडम, जांबोटीचं मला कळतंय. निपाणीचं तुम्हाला कळतंय काय?" आणि पेटीचं सांगितलं. डोळा कुठल्या कोनात आहे तेही सांगितलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांचा पेपरवेट फिरायचा थांबला. मी उठताना म्हटलं की मला गाईड बदलायचा अर्ज द्यायचा आहे, त्यावर नव्या गाईडची सही लागते.

त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. मध्ये बरेच दिवस गेले. मी आशा सोडली होती तेव्हा एका सकाळी प्रयोगशाळेत येऊन त्यांनी माझ्याकडून अर्ज मागून घेतला, उभ्या उभ्या सही केली आणि तासाला निघून गेल्या. आपण का सही केली हे त्यांनी मला कधीही सांगितलं नाही. पुढं विभागप्रमुख व्हायची पाळी त्यांची होती, ती दुसऱ्याकडं गेली. त्याचंही कारण कुणी सांगितलं नाही.

आम्ही मिळून लेख लिहिला आणि त्यातही भांडण झालं. मॅडमचं म्हणणं, बरोबर रीत कुठली ते लिहू, चुकीचं कुणी काय केलं ते कशाला. मला एक वाक्य हवंच होतं: अमुक कोनाजवळ दाखवला गेलेला उंचवटा कणामुळं नसून गणनेच्या रीतीमुळं आलेला आहे. त्या खोडायच्या, मी घालायची. एकदा मी चिडून म्हटलं की ते वाक्य नसेल तर माझं नावही नको. मग ते वाक्य त्यांनी स्वतः पुन्हा टाइप केलं, माझ्यापेक्षा स्पष्ट. लेख छापून आला. सरांनी त्याला कधी उत्तर दिलं नाही. बोलावतील तिथं ते उंचवट्यावर बोलतच राहिले.

पेटीचं म्हणाल, तर आमचा लेख येईपर्यंत ती वखारीतून काढून नेलेली होती. तक्ता सरांनी दुसऱ्या विद्यार्थ्याकडून जुन्या प्रोग्रॅमवर करून घेतला. धूळ मर्यादेत आहे असा अहवाल प्रकल्प देणाऱ्या कार्यालयाकडं गेला. मी त्या कार्यालयात आमचा लेख जोडून दोनदा लिहिलं. पोचही आली नाही. वखारीतल्या बाया अजून पदर बांधूनच काम करतात.

माझ्या तोंडी परीक्षेला आई निपाणीहून आली. इस्त्रीची पांढरी साडी, पायात नवी चप्पल. परीक्षा नीट झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी उतरत्या शिडीवर पुष्कळ विचारलं आणि त्यांचं समाधान झाल्यासारखं दिसलं. नंतर व्हरांड्यात पेढे वाटत असताना सर आले. मला वाटलं, सरळ निघून जातील. ते आईपाशी थांबले. "मुलगी हुशार आहे हो तुमची," ते म्हणाले. "पाया आमच्याकडंच घडला तिचा." आणि आईनं त्यांना हात जोडले. वाकून.

आम्ही निपाणीची बस पकडली. हायवेला लागल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, तो माणूस मला काय बोलला होता ते तुला माहीत आहे. का हात जोडलेस?

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुझ्या कागदावर अजून शिक्का बसायचा हाय. हात जोडल्यानं माझं काय झिजलं?"

मी म्हटलं, "माझं झिजलं."

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, तिच्या कधी नसतं. म्हणाली की तिनं आयुष्यभर डॉक्टरांना, साहेबांना, गावच्या पाटलाला असेच हात जोडले आणि त्या हातांच्या आड मला वाढवलं. मला ते जोडावे लागू नयेत म्हणून. मग पिशवीतून उरलेले पेढे काढून तिनं माझ्या मांडीवर ठेवले.

मला कळलं ती काय म्हणते ते. पण पटलं नाही. संकेश्वर मागं पडलं तरी आम्ही त्याच विषयावर भांडत होतो, आणि पुढच्या सीटवरची बाई वळून वळून बघत होती.